मी आलेलो

माझ्या डोक्यात दोन बायका राहतात. एक शाळेतल्या मराठीच्या बाई, दुसरी माझी आत्या. दोघीही आता नाहीत, पण मी लिहायला बसले की हजर. बाई म्हणतात, "वाक्य पूर्ण कर." आत्या म्हणते, "अगं, किती फिरवतेस? मुद्द्याचं बोल ना!" लेखकाला म्हणे आतला एक शांत आवाज ऐकू येतो. माझ्याकडे नळावरचं भांडण आहे आणि मला ते आवडतं. बाई नसत्या तर मी पाल्हाळ लावलं असतं, आत्या नसती तर कोरडं लिहिलं असतं.

गेल्या वर्षी मी वडिलांवर लिहिलेलं पुस्तक छपाईला जाणार होतं, तेव्हा संपादकांचा फोन आला. "मॅडम, एका ठिकाणी 'मी आलेलो' राहून गेलंय. 'मी आलो होतो' करून टाकू ना?"

"विचार करून सांगते," मी म्हणाले.

सातवीत असताना कल्याणला माझी वक्तृत्व स्पर्धा होती. आम्ही तेव्हा कोपरीत राहायचो. बाबांची कारखान्यात पाळी होती, त्यामुळे ते येणार नव्हते. भाषणाच्या मध्येच मी पाठ केलेलं सगळं विसरले. मग मनाला येईल ते बोलत सुटले. नंबर आला नाही. संध्याकाळी बाबा घरी आले, चपला काढता काढता म्हणाले, "मी आलेलो. मागे उभा होतो. विसरलीस ना, त्यानंतरचं भारी बोललीस." मी लेखक झाले ती त्या संध्याकाळी, याबद्दल मला कधीच शंका वाटली नाही.

संपादकांचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, आता राहते त्या डोंबिवलीच्या घरात, कणीक मळता मळता दोन्ही वाक्यं मोठ्यानं म्हणून पाहिली. 'मी आलो होतो' म्हणणारा माणूस कुणी पाहुणा वाटत होता.

"सहायक क्रियापद कुठंय?" बाईंनी विचारलं.

"तुझा बाप कधी 'आलो होतो' असं बोललेला का?" आत्या कडाडली.

हात धुतले आणि संपादकांना फोन लावला. "आलेलोच राहू दे."

"वाचकांना चूक वाटेल हो."

"वाटू दे. बाबांचा आवाज कुठेही रेकॉर्ड केलेला नाही. माझ्याकडे तेवढाच उरलाय."

"बरं, ठेवू या," ते म्हणाले. मग डोक्यातल्या बाई हळूच म्हणाल्या, "अवतरणचिन्हं तेवढी नीट घाल."

पुस्तक हातात आलं त्या दुपारी घरात मी एकटीच होते. ते पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं, "मी आलेलो. मागे उभा होतो."

आणि मी मागे वळून पाहिलं.