शाळेचा निळा कोट

लेकीच्या शाळेत आज बारावीच्या मुलांचे फोटो काढत होते. प्रवेशपरीक्षा अजून व्हायची आहे. पण ज्यांचा मोठ्या विद्यापीठात नंबर लागणारच असं शाळेनं धरलंय, त्यांचे फोटो आधीच काढून ठेवतात. म्हणजे निकालाच्या दिवशीच चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स झळकतो.

निळा कोट शाळेचा, सगळ्यांत मिळून एकच. लेकीनं तो घातला तेव्हा आधीच्या मुलाच्या घामानं कॉलर ओली होती. खांदे तिला मोठे होत होते. शिपाईमावशींनी पाठीवर पिना लावून कोट आवळला. समोरून तो अगदी तिच्याच मापाचा दिसू लागला. आपण मुलांकडून अपेक्षा ठेवतो म्हणजे तरी दुसरं काय करतो?

"सर, माझं नाही झालं तर या फोटोचं काय करणार?" तिनं विचारलं.

सर मोकळेपणानं हसले. "अगं, डिलीट करू. त्यात काय एवढं?"

फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला. "हं, आता हस बघू."

ती हसली असावी. मी मागे दाराशी उभी होते. मला नुसत्या पिना दिसत होत्या.