पिवळी गोळी आणि जावयाचा रुसवा

सासुरवाडीला आमरसाच्या पंगतीत मी मांड्यांचं ताट मागं सरकवलं आणि म्हणालो, "मला नुसती ज्वारीची भाकर द्या. बिनमिठाचं ताक असलं तर पाहा."

रोहिणखेडच्या त्या ओसरीवर सगळ्यांचे हात ताटातच थांबले. सासूबाई पहाटेपासून चुलीपुढं होत्या. उलट्या खापरावर हातभर रुंद पुरणाचे मांडे टाकताना त्यांची बोटं पोळली होती. आणि आमच्याकडं जावई भरलं ताट सारतो तो एकाच कारणानं. रुसला म्हणून.

"जवाईबापू, काही चुकलं काय आमचं?" सासरे म्हणाले.

"नाही हो."

"मंग आहेराचं धोतर पसंत नाही पडलं वाट्टे!" त्यांनी लगेच दुसरं धोतर आणायला माणूस धाडला. सासूबाई डोळ्याला पदर लावून आत गेल्या.

खरं कारण पंगतीत सांगण्याजोगं नव्हतं. महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि मोताळ्याच्या कचेरीत मीही नवा कारकून. ताक-भाकर गावंढळ म्हणून सोडली आणि चहा-पावावर आलो. काही महिन्यांत जीभ लाल, ओठांचे कोपरे फाटलेले. डॉक्टर म्हणाले, "ब जीवनसत्त्व कमी पडलं. ताक घ्या, पालेभाजी, मोडाची मटकी खा." वर गोळ्याही लिहून दिल्या.

दोन गोळ्या झाल्या आणि सकाळी लघवीकडं पाहतो तर हळद! मी ठरवूनच टाकलं, कावीळ. बायको माहेरच्या तयारीत, तिला कशाला घाबरवा, म्हणून गुपचूप कावीळ उतरवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडं गेलो. त्यानं माझ्या हातांना कसल्याशा सालीचा रस चोळला, चुन्याच्या पाण्यात धुतले आणि परातीतलं पिवळं पाणी दाखवलं. वर बजावलं, तेल, तूप, मीठ, हळद, गोड बंद! मी बिचारा मान डोलावून आलो.

बायकोनं मला पंगतीतून उठवून गोठ्यामागं ओढलं. "माह्या मायले काऊन रडवता?"

मी तिच्या कानात सांगितलं.

"कावीळ नाही बाप्पा, गोळीचा रंग हाय तो! गोळ्या आणाले मीच तं गेली होती. कंपाउंडर बोलला, अंगाले लागते तेवढं राह्यते, बाकीचं पिवळं होऊन जाते. तुमाले सांगितलं तवा तुमी पेपरातूनच 'हूं' म्हणाले."

"पण तुला एवढी खात्री कशी?"

"मीबी त्याच गोळ्या खाऊन राह्यली. माहंबी पिवळंच हाय."

मी पंगतीत परत बसलो आणि पाच मांडे खाल्ले. रस फाटल्या ओठांना असा झोंबला की डोळ्यांतून पाणी आलं. सासूबाईंना ते माझं प्रेम वाटलं. त्यांनी सहावा वाढला. दुसरं धोतर परत करायचं मात्र कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

परतीच्या एस.टी.त मी बायकोच्या तोंडाकडं नीट पाहिलं. तिच्याही ओठांचे कोपरे चिरलेले होते. "कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून," ती म्हणाली. "तुमचं अन् पोराइचं जेवण झाल्यावर गंजात-भांड्यात माह्यासाठी काय राह्यते? तुमचं दोन दिस पिवळं झालं तं वैद झाला, पथ्य झालं, रुसवा झाला. उद्यापासून ताकाचा पह्यला गिलास माहा. उरलं तं तुमाले."