मैना जगते का

वाचनालयातल्या कुमुदताईंमुळं माझं वाचन टिकलं. शाळा सातवीतच सुटली, पोटापाण्यासाठी गावही लांब राहिलं. जुन्या कादंबरीत पाखरू आलं की मात्र माझा जीव खालीवर होतो. निष्पाप माणसाचा घात व्हायचा असला की लेखक आधी पाखरू मारतात. काल गोष्टीतली मैना पिंजऱ्यातून सुटली, तिथंच मी पुस्तक मिटून परत नेलं. ताईंनी उभ्याउभ्याच शेवट चाळला.

“जगते तुझी मैना. घेऊन जा, भित्र्या.”

आज माझ्या खिडकीत एक चिमणी दुसरीच्या चोचीतलं शीत ओढून खात होती. निष्पाप कुठली, चांगलीच धीट. तिच्याकडं बघत मी निवांत पुढं वाचलं. उतारवयात ताईंची नजर मंदावेल, तेव्हा मी त्यांना वाचून दाखवीन, शेवट आधी पाहून.