भास्करभाऊंचं सत्तर

सायकलवाल्यांचे किस्से साचतात कसे, सांगू? घाट चढताना बोलायला दम नसतो आणि उतरताना कानात वारा भरतो, त्यामुळे काही ऐकू येत नाही. मग सगळं तुंबून राहतं आणि घाटाखालच्या चहाच्या टपरीवर एकदम सांडतं! आमच्याकडे तर इतका साठा झालाय, की मी नुसतं "एकदा काय झालं" म्हटलं तरी घरचे उठून आत जातात.

आम्ही चौघं. अमरावतीत फुलांची शेती आणि फुलांचाच धंदा असलेले भास्करभाऊ, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारे मुकुंद सर, अकोल्यात स्पेअर पार्टचं दुकान चालवणारा नंदू आणि मी. रविवारी भास्करभाऊंच्या फुलांच्या टेम्पोत सायकली टाकायच्या, परतवाड्यापुढं घाटाखालच्या टपरीपर्यंत जायचं, तिथून चिखलदरा चढायचं आणि सुसाट खाली यायचं. अंगाला दिवसभर झेंडूचा वास!

उतारावर पन्नासचा स्पीड लागला की डोळ्यांतून पाणी येतं. साठला हँडल थरथरायला लागतं. आणि सत्तर? सत्तर आमच्यात कोणीच पाहिलं नव्हतं. भास्करभाऊंना ते पाहायचं होतं. दुसरी कसलीही हौस नसलेला माणूस, पण "एक डाव सत्तर" एवढं एकच वेड.

*

टपरीवर आमचा एक कायदा होता. ज्याचा स्पीड जास्त, त्यानं चहा सांगायचा. पण आधी हँडलवरचं मीटर, दिवसाचा सगळ्यांत जास्त स्पीड धरून ठेवणारं, सगळ्यांना दाखवायचं. मीटर नाही तर मान नाही!

हा कायदा झाला नंदूमुळे. एका रविवारी तो खाली येऊन ओरडला, "बाहत्तर! बाहत्तर मारला आज!" आम्ही मीटर पाहिलं. एक्कावन्न.

नंदू जरासुद्धा ओशाळला नाही. म्हणाला, "मीटर अमरावतीत घेतलं ना बे! अकोल्याच्या मानसाले कमीच दाखवन ते!"

*

भास्करभाऊ म्हणजे भरभक्कम माणूस. दुकानात बसले की मागचे हार दिसत नसत. चढावर आम्ही तीन-तीन ठिकाणी थांबून त्यांची वाट पाहायचो. उतारावर मात्र "सरका रे सरका!" अशी आरोळी यायची आणि ते जे दिसेनासे व्हायचे, ते थेट टपरीवर. तिथं ते आमची वाट पाहत बसायचे.

हे असं का होतं, ते मुकुंद सरांनी एकदा समजावून सांगितलं. हवा सगळ्यांनाच अडवते, पण जड माणसाला तिचं तेवढं काही वाटत नाही. म्हणून उतारावर वजन कामी येतं.

भास्करभाऊंनी तेवढंच लक्षात ठेवलं. घरी जेवताना प्रमिलावहिनींपुढे ताट सरकवून म्हणाले, "अजून वाढ. फिजिक्सच्या सराईनं सांगतलं!"

*

एका वर्षी ते खरंच सत्तरच्या अगदी जवळ आले होते. रस्ता नवा, वारा पाठीमागून, शेवटचा सरळ उतार. आम्ही मागून पाहत होतो, माणूस हँडलवर आडवा झालेला. आणि बाजूच्या पायवाटेनं गवळ्याच्या म्हशी रस्त्यावर आल्या!

ब्रेक करकचले. म्हशींच्या अलीकडे सायकल कशीबशी थांबली. मीटरवर एकोणसत्तर.

भास्करभाऊ कळवळून म्हणाले, "दादा, म्हशी जराशा उशिरा काढल्या असत्या तं सत्तर झाले असते ना!"

गवळी भला माणूस. त्यानं काठी वर करून घाट दाखवला. "मंग जा ना वर, या परत! थांबवतो मी म्हशी!"

भास्करभाऊंनी घाटाकडे एकदा पाहिलं आणि गुपचूप चहा प्यायला आले. त्या दिवशी आम्ही हसून हसून बेजार झालो होतो. आज वाटतं, त्यांना टेम्पोत घालून वर न्यायला हवं होतं. टेम्पो तर तिथंच उभा होता! कोणाला सुचलंच नाही.

*

मग भाऊंना शुगर निघाली, चांगलीच वाढलेली. वजन उतरवा, डॉक्टर म्हणाले. वहिनींनी आम्हा तिघांना घरी बोलावून सांगितलं, "तुमी याईचे खरे दोस्त असान, तं मले मदत करा."

आम्ही नको तितकी मदत केली. पोहे खाल्ले की रिपोर्ट, दुसऱ्या चहात साखर घेतली की रिपोर्ट. नंदू एकदा कामासाठी अमरावतीत आला, तर भाऊ गिलावड्याच्या गाडीवर उभे! वड्यांवर दही-चटणी घातलेली प्लेट हातात. नंदूनं झाडामागून वहिनींना फोन लावला. "वहिनी, भाऊ गिलावडा खाऊन राहिले!"

वहिनी म्हणाल्या, "माहीत आहे मले. अर्धा मीच खाल्ला. तुमी झाडामागं कावून उभे आहा? या इकडं!"

*

वर्षभरात भास्करभाऊ निम्मे झाले. चढावर आमच्या बरोबरीनं येऊ लागले. पहिल्यांदा ते न थांबता वर पोचले, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, वहिनींना पाठवले.

आणि उतारावर ते सगळ्यांच्या मागून आले. चोपन्न.

"ब्रेक धरला का, भाऊ?" मी विचारलं.

"नाई रे. पुरा सोडला होता. पन मांगून लोटनारं कोनी राहिलंच नाई."

ते हसत म्हणाले, पण चहा तसाच ठेवून उठले. फार वाईट वाटलं. त्यांनी पथ्य पाळलं ते वहिनींसाठी आणि आमच्यासाठी. दोस्त जगावा म्हणून आम्ही त्याच्या मागं लागलो, यात काय चुकलं? काहीच नाही. तरी चुटपुट लागली ती लागलीच.

*

हार मानतील ते भास्करभाऊ कसले! त्यांची सासुरवाडी शेंदूरजनाघाटची. तिकडून संत्री आली की ते पोतडीत भरून पाठीवर बांधायचे आणि घाटातून निघायचे. वजन परत आणायचं म्हणे!

एका रविवारी तिसऱ्या वळणावर पोतडीचा बंद तुटला. संत्री रस्त्यावर सांडली आणि टणाटण उड्या मारत उताराला लागली. माकडांची दिवाळी! भास्करभाऊ खाली आले ते रिकामी पोतडी घेऊन.

"संत्रे माह्या पुढं निंगून गेले बापा," ते म्हणाले. "सत्तर त्याईनंच मारला."

*

गेल्या हिवाळ्यात शुगर डोळ्यांवर आली. गावात हळूहळू सायकल चालवा, घाट मात्र बंद, डॉक्टरांनी बजावलं. वजन उतरलं ते डोळ्यांसाठी उशिरा आणि सत्तरसाठी लवकर. हे असं व्हायला नको होतं, एवढंच म्हणतो.

पुढच्या रविवारी आम्ही तिघंच गेलो, एसटीच्या टपावर सायकली टाकून. घाट चढलो, उतरलो. शेवटचा सरळ उतार जिथं सुरू होतो, तिथं फुलांचा टेम्पो उभा होता. शेजारी भास्करभाऊ आणि प्रमिलावहिनी. टेम्पोतून भाऊंची जुनी काळी सायकल उतरवलेली, मागं मजबूत कॅरिअर असलेली. तिच्यावर ते रोज पहाटे फुलं बाजारात न्यायचे, लग्न झालं तेव्हाची गोष्ट.

"भाऊ, डॉक्टर काय म्हणाले?" मी म्हटलं.

"त्यायले मी इचारलं," वहिनी म्हणाल्या. "घाट नाई म्हणे. हा घाट थोडीच आहे? घाट संपला ना वरच!"

भास्करभाऊंनी खिशातून आपलं मीटर काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "हे ठेव तुयाजवळ."

वहिनींनी पदर खोचला आणि कॅरिअरवर बसल्या. एका हातानं सीट धरली, दुसऱ्यानं भाऊंचा शर्ट. "समोर खड्डा आला तं मी सांगतो," त्या म्हणाल्या. "तुमी ब्रेकवरचा हात काढा."

सायकल निघाली. आम्ही मागं. कोणीच पुढे गेलं नाही. नंदूसुद्धा नाही. वहिनींचा पदर सुटून फडफडत होता आणि "डाव्यानं घ्या! आता सरळ! सोडा, सोडा!" एवढं ऐकू येत होतं. भास्करभाऊ वाकून बसले होते, पूर्वीसारखेच. म्हशी नव्हत्या.

टपरीवर पोचलो. टपरीवाल्यानं नेहमीसारखं विचारलं, "आज कोनाचं?"

"आमचं," वहिनी म्हणाल्या. "सत्तर!"

मीटर माझ्या खिशात होतं. नंदूनं माझ्याकडे पाहिलं, मी मुकुंद सरांकडे. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बरोबर आहे," सर म्हणाले. "दोघांचं वजन धरलं तर सत्तरच येतं."

नंदूनं बाक पुसून दिला. वहिनी बसल्या, केस मागं घेतले आणि टपरीवाल्याला म्हणाल्या, "सगळ्यायले चहा सांगतो, दादा. आज सगळे साखरेचे."