धोंड्याच्या वाणाला मोसंबीचा केक

माझ्या हातचा अनारसा तुपात पडला की हसतो. म्हणजे बघता बघता त्याच्या चिंधड्या होतात आणि कढईत नुसती खसखस फिरत राहते. माझ्या पोरीचं लग्न होऊन घरात जावई आला, तरी एक अनारसा काही धडपणे बाहेर आला नाही. अंबडच्या पुढे आमची मोसंबीची बाग आहे. दैवशालाबाईच्या हाताला चव नाही, हे तिथल्या गड्यांनासुद्धा ठाऊक आहे. ते जेवणाचे डबे आपापल्या घरून आणतात. मला त्यांचा राग येत नाही. मीही माझा स्वयंपाक इलाज नसतो म्हणूनच खाते.

मग आमच्या गावातल्या दुकानात केकच्या पिठाचं खोकं यायला लागलं आणि माझे दिवस पालटले. त्यात दूध घालायचं, तेल घालायचं, ढवळायचं. मीठ जास्त, साखर कमी असलं काही करायला वावच नाही. वरून केळं, चिकू, सीताफळाचा गर, जे हाताला लागेल ते फळ टाकायचं. शेजारणी कृती विचारायला लागल्या. मीही मान वाकडी करून "अंदाज लागतो बाई" म्हणायला लागले. अंदाज कसला, खोक्याच्या मागे सगळी चित्रं काढलेली असतात.

आकांक्षा, माझी एकुलती लेक, नवीन जालन्यात दिली आहे. जावई माऊली बियाण्यांच्या कंपनीत कामाला आहेत. आकांक्षाची सासू चांगुणाबाई अनारशात पटाईत. लग्नात रुखवतासाठी आम्ही अनारसे विकत आणले होते, आणि माझे मालक काकासाहेब यांनी ते मिठाईच्या खोक्यासकट मांडले, दुकानाचं नाव वर करून! तेव्हापासून त्या घरात काहीही विकतचं आलं की चांगुणाबाई म्हणतात, "आकांक्षाच्या आईनं केलं जणू." लेक हे फोनवर हसत सांगायची, पण सांगता सांगता तिचा आवाज बारीक व्हायचा. ते मला फार झोंबायचं. स्वयंपाक माझा वाईट, आणि टोमणे तिने का खावेत?

यंदा धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, जेवू घालायचं आणि जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. ते वाण त्याच्याबरोबर त्याच्या घरी जातं, म्हणजे थेट चांगुणाबाईंच्या पुढ्यात. या खेपेला लेकीला टोमणा बसेल असं काही पाठवायचं नाही, हे मी पक्कं केलं. वाणाचा पदार्थ जाळीदार लागतो, एवढंच शास्त्र मला पाठ होतं. केकला जाळी असते. माझ्या अनारशापेक्षा तर नक्कीच बरी असते.

"आंबे आणा," मी काकासाहेबांना म्हणाले. "आंब्याचा केक करते."

"घरची मोसंबी सोडून इकतचा आंबा?" ते भडकले. "लोक काय म्हणतील? मीच रस काढून देतो तुला."

आणि खरंच त्यांनी झाडावरची शेवटची मोसंबी उतरवून आदल्या दिवशीच भांडंभर रस काढून ठेवला. मी तो सकाळी पिठात ओतला. वास चांगला यावा म्हणून साल किसून घातली, पांढऱ्या भागासकट. छोटे केक करायला साचे नव्हते, म्हणून इडलीपात्र घेतलं. त्यात एका वेळी सोळा होतात. बत्तीस झाले आणि तेहतिसाव्या एकट्यासाठी मी पुन्हा सगळं पात्र चढवलं. त्यातच पीठ संपलं. खोकी मी चुलीत घातली. चव कुणीच पाहिली नाही. वाणाचं ते, उष्टं कसं करणार?

जेवणं झाली. तांब्याच्या ताटात केक मांडले, वर दिवा लावला, माऊलींना ओवाळलं. त्यांनी एक उचलून अर्धा तोंडात टाकला आणि भिंतीकडे बघत राहिले.

"कसा झालाय?"

"बराबर झालाय मामी," ते म्हणाले. "पाणी द्या जरा."

आकांक्षाने उरलेला अर्धा खाल्ला आणि मला हाताला धरून आत नेलं. "आई, कडूजहर झालंय गं!"

मी दारातूनच बाहेर बसलेल्या काकासाहेबांकडे बघितलं. हाच माणूस बागेत आलेल्या पाहुण्याच्या हातात पेला देऊन "जल्दी प्या, रस ठिवला की कडू व्हतो" म्हणून दटावत असतो. ते चप्पल घालून बागेकडे निघून गेले.

"हे इथंच राहू दे," आकांक्षा म्हणाली. "वाटंत बेकरीतून दुसरे घेते. कुणाला कळायचं न्हाई."

"इकतचं न्यायचं न्हाई."

"मंग मी तिकडं काय सांगू?"

"सांग, आईनं केलं."

बोलून तर गेले. मग तिने ताटावर फडकं बांधलं आणि गाडीवर मांडीत धरून घेऊन गेली. पोरीला मी स्वतःच्या हाताने तोफेच्या तोंडी दिलं, असं मला वाटत राहिलं.

दिवेलागणीला चांगुणाबाईंचा फोन आला. मी देवाचं नाव घेऊन उचलला.

"विहीनबाई, पीठ खोक्यातलं वापरलं ना? मी बी तेच आणते."

"हो," मी म्हणाले. खोटं बोलायलाही सुचेना.

"खोक्यातलं इतकं कडू व्हत न्हाई. हे बिलकुल हातचं हाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गल्लीत वाटलं," त्या म्हणाल्या. "उरलं ते तुमची लेक म्होरं घिऊन बसली. एकामागं एक खाऊन राह्यलीती. म्हणलं, कडू हाय की गं. तर म्हणली, माझ्या आईनं केलंय."

ही पोर लहानपणी माझ्या हातची भाजी ताटाखाली लपवायची.

"दोनच राह्यलेत," चांगुणाबाई म्हणाल्या. "ते मी खाते. तिला म्हणलं बास कर, पोट दुखंल तुझं."

फोन न ठेवताच त्यांनी एक तोंडात टाकला असावा, कारण ठसका ऐकू आला. मग त्यांची हाक आली.

"आकांक्षा, पाणी आण गं!"