दात काढणं फुकट

बस स्थानकावर तिला पाहिलेले लोक थोडे, पण तिचा आवाज ऐकला नाही असा माणूस त्या गावात शोधून सापडला नसता. वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत माइकसमोर बसून ती वर्षानुवर्षं गाड्या सांगत आली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुणाची पिशवी सापडली, कुणाची आजी चुकून दुसऱ्याच गाडीत बसली. ड्रायव्हर-कंडक्टर तिला भोंगाताई म्हणत आणि ती त्या नावाला खुशाल ओ देई.

चाळिशी उलटली आणि तिच्या हिरड्यांनी दगा दिला. आधी रक्त येऊ लागलं, मग पुढचे वरचे दात हलू लागले. एका खासगी दवाखान्यात जाऊन आली. तिथल्या खर्चाचा आकडा ऐकून नवरा अर्ध्या ताटावरून उठला. तो डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. गियरबॉक्स उघडून पुन्हा बसवणारा माणूस, पण बायकोच्या तोंडापुढे त्याचं काही चालेना. वर्षभर तिने दुखणं गोळ्यांवर ढकललं. शेवटी एका बाजूचा गाल असा सुजला, की डेपोमागच्या धर्मादाय दवाखान्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

एक खोली, एक खुर्ची, शनिवारचा दिवस. दारावर पाटी होती, 'दात काढणे मोफत.' वस्तीतली पोरंटोरं त्या पाटीखाली उभी राहून एकमेकांना दात काढून दाखवत आणि फुकटात झालं म्हणून खिदळत. दवाखान्याचा खर्च एक ट्रस्ट करायचा. त्याचे अध्यक्ष म्हणजे बाजारातल्या मोठ्या कापड दुकानाचे मालक, सगळ्यांचे कापडवाले काका.

डॉक्टर तरुण होती, हाताने हलकी होती. तिने भोंगाताईचे पुढचे चार दात काढले, टाके घातले, आणि काय खायचं, काय नाही ते नीट समजावून सांगितलं. दुखणं गेलं. पुढच्या शनिवारी टाके काढायला गेल्यावर भोंगाताईने विचारलं, की आता नवे कधी बसवायचे?

डॉक्टरने हातमोजे काढून टोपलीत टाकले. मग म्हणाली, "ताई, इथे फक्त काढायचे पैसे मिळतात. भरायचे नाहीत, बसवायचेही नाहीत."

माइकसमोर काय होणार हे तिला पहिल्याच घोषणेत कळलं. 'सात' म्हणायला गेली तर नुसती शिट्टी वाजली. 'फलाट' हवेत विरला, 'दोन' आणि 'तीन' यांतला फरक खाली कुणाला कळेना. एक अख्खं कुटुंब भलत्याच फलाटावर उभं राहिलं आणि त्यांची गाडी गेली. आठवड्याभरात स्थानकप्रमुखांनी तिला बोलावून सौम्य शब्दांत सांगितलं, की काही दिवस पार्सल खोलीत बसा. काही दिवस म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. पार्सल खोलीत बोलायला लागत नव्हतं. खोक्यांवर शिक्के मारायचे. तोंडावर रुमाल धरून ती शिक्के मारी आणि डोक्यावरच्या भोंग्यातून दुसऱ्याच कुणाचा आवाज ऐके.

महिनाभर तिने स्वतःची कीव केली. त्यानंतर मात्र तिला राग आला आणि रागाने तिला बरं वाटलं. एका दुपारी ती सरळ कापडवाल्या काकांच्या दुकानात गेली.

काकांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिचं बोलणं अर्धं कळलं, अर्धं त्यांनी ताडलं. त्यांनाही तिचा आवाज ठाऊक होता. पूर्वी स्थानकावर माल घेऊन येणाऱ्या गाड्यांची वाट बघत त्यांनी तो कितीदा ऐकला होता. ते हळहळले आणि म्हणाले, की तुमच्या दातांचा खर्च मी स्वतःच्या खिशातून देतो, कुठे बोलू नका.

भोंगाताईने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "मला एकटीला दात दिलेत, तर मी वस्तीत तोंड कसं दाखवू? माझ्या गल्लीत सात जणांची तोंडं तुमच्या पैशांनी रिकामी झालीत. तुम्ही एक शनिवार तिथे येऊन बसा, एवढंच मागते."

घरी हे कळलं तेव्हा नवरा भडकला. "अगं, चालून आलेलं कुणी लाथाडतं का? आधी स्वतःचं तोंड तरी बघ."

"बघते की रोज," ती म्हणाली. "म्हणून तर गेले होते."

पुढच्या शनिवारी काका दवाखान्यात आले. रांगेतल्या लोखंडी बाकावर तिच्या शेजारी बसले. पुढे एक तरुण कंडक्टर बसली होती. नुकतीच नोकरीला लागलेली, पुढच्या एका दातावर काळा डाग. डॉक्टरने तपासून सांगितलं, की हा दात वाचवता येईल, मुळापर्यंत साफ करून भरावा लागेल, पण इथे ते होत नाही. मुलीने विचारलं, मग? डॉक्टर म्हणाली, काढता येईल. मुलगी हो म्हणाली. दुखण्यापुढे तिच्याकडे दुसरा शब्द नव्हता.

काका उठून आत गेले. त्यांनी डॉक्टरला विचारलं, की हे आम्हाला आधी का सांगितलं नाही. ती शांतपणे म्हणाली, की दरवर्षी सांगते, पण तुमच्या सभेत किती लोकांवर उपचार झाले एवढंच विचारतात.

काका काही वाईट माणूस नव्हते, हिशेबी होते. त्यांनी मागोमाग आलेल्या भोंगाताईकडे वळून खरी अडचण सांगितली. एक दात वाचवायला जेवढं लागतं, तेवढ्यात कितीतरी लोकांचं दुखणं थांबतं. "पैसा तेवढाच आहे. वाचवायला लागलो तर रांग अर्धी होईल. कळवळत आलेल्या कुणाला घरी पाठवू, ते तुम्ही सांगा."

ती एवढंच म्हणाली, की दात वाचवायला आम्ही जेवढे पैसे जमवू तेवढेच तुम्ही वर घाला. आणि या पोरीचा दात आज राहू द्या. काकांनी दोन्ही मान्य केलं, पण पहिल्या गोष्टीवर त्यांचा फारसा विश्वास बसलेला दिसला नाही.

त्यानंतर ती पत्र्याचा डबा घेऊन डेपोच्या गेटवर उभी राहू लागली, शिफ्ट सुटायच्या वेळी. पहिल्यांदा तिने तोंडावरचा रुमाल काढला तेव्हा काहीजण हसले. तिच्या शिट्ट्यांची नक्कलही झाली. तिने हसू दिलं. "हसून घ्या," ती म्हणाली, "आणि मग पाकीट उघडा." गॅरेजं, चहाच्या टपऱ्या, रिक्षा थांबा, शिलाईचे कारखाने, कुठलं दार तिने सोडलं नाही. लोक आधी दाताच्या कण्या करायला लावत आणि मग तिच्या तोंडाकडे बघून ओशाळत. नवरा सुरुवातीला लांबून बघायचा. एके दिवशी हात पुसत आला आणि दुसरा डबा घेऊन गेटच्या त्या बाजूला उभा राहिला.

पावसाळा संपता संपता काकांना शब्द पाळावा लागला. कंडक्टर मुलीचा दात सर्वात आधी भरला गेला. कवळ्या करणारा एक कारागीर अर्ध्या मजुरीत काम करायला तयार झाला. भोंगाताईचा नंबर बऱ्याच जणांमागून लागला, कारण यादी डॉक्टरने केली होती आणि ताईने तिच्याकडे वशिला लावला नाही.

नवे दात आले, पण आवाज लगेच आला नाही. कवळी जड वाटे, उमासे येत, 'स' म्हणताना टक्क आवाज होई. दोन महिने ती स्वयंपाकघरात गाड्यांचं वेळापत्रक मोठ्याने वाचत राहिली. नवरा समोर बसून, भांडं घासता घासता, कुठलं अक्षर घसरलं ते सांगे. मग ती स्थानकप्रमुखांकडे गेली आणि माझी परीक्षा घ्या म्हणाली. त्यांनी दुपारची अर्धी पाळी दिली. पूर्ण पाळीसाठी तिला आणखी भांडावं लागलं, आणि ती भांडली.

दवाखान्यातली रांग आजही मोठीच आहे. काही दात अजूनही काढावेच लागतात. पाटीवर मात्र 'काढणे'च्या वर 'वाचवणे' हा शब्द रंगवून घेतलाय, काकांनी स्वतः. सध्या भोंगाताई म्हाताऱ्यांच्या पूर्ण कवळ्यांसाठी डबा फिरवते आहे. गेटवरचे ड्रायव्हर तिला चिडवतात, की ताई, दात नव्हते तेव्हा पैसे जास्त जमायचे. स्थानकाच्या कँटीनचा मालक तर पक्का चिक्कू. रोज 'उद्या देतो' म्हणायचा. परवा तिने त्याच्या गल्ल्याजवळ उभं राहून कवळी काढली, समोर काउंटरवर ठेवली आणि तिच्या शेजारी डबा ठेवला. मागे गिऱ्हाईकं थांबली होती. त्याने नोटा काढल्या आणि म्हणाला, "ताई, उचला ते आधी."

तिने नळावर कवळी धुतली, बसवली आणि जिना चढून वर गेली. फलाट तीनवर गाडी लागत होती.