बसची उंची, टपापर्यंत

तमाम नातेवाईक, सोयरे आणि बँडपथक यांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या बसमधलं वाट दाखवणारं जीपीएस मशीन मी स्वतः, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचाही सल्ला न घेता निवडलं होतं.

बस माझीच. भाचीच्या साखरपुड्याला फोनमधल्या नकाशावर विसंबून मी ती छोट्या मोटारीच्या वाटेनं नेली आणि एका ओढ्यात रुतवून ठेवली. तिकडे मुलाकडची मंडळी ताटं मांडून बसलेली. लग्नही त्याच गावात, घोडेगावच्या पुढे, मुलाच्या दारात ठरलं. तेव्हा भाची मला एवढंच म्हणाली, "मामा, या टायमाला वेळेवर पोचवा. आन् माझं हसं करू नका."

मग मी मंचरला गेलो. दुकानदारानं तीन मशीनं मांडली. एकाचा पडदा भलामोठा, दुसरं गाणीही वाजवायचं. तिसरं दिसायला यथातथाच, पण वाट सांगण्याआधी गाडीची उंची, रुंदी, वजन विचारायचं. अडचणीचा रस्ता टाळून दुसरीकडून न्यायचं. पहिली दोन मी अशी बाजूला सारली, जणू नापसंत स्थळंच.

गावात आल्यावर मोजमापाचा सोहळा केला. ड्रायव्हर टपावर टेप धरून उभा, मी खाली आकडा मोठ्यानं वाचतोय, भोवती आमच्या वारूळवाडीतले निम्मे रिकामटेकडे.

"मालक, मशीनला पत्रिका बी लागती व्हय?" ड्रायव्हर वरून म्हणाला.

"लागती," मी म्हणालो. "गुण जुळले तरच वाट दाखवतंय."

लग्नाच्या दिवशी मशीननं एक अरुंद पूल नाकारला, एक बोळ नाकारला. प्रत्येक वळणावर मी पुढे उभा राहून वऱ्हाडाला त्यामागचं शास्त्र समजावत होतो. घोडेगाव मागे पडलं तेव्हा मुहूर्ताला भरपूर अवकाश होता. बहीण म्हणाली, "लई चांगलं घेतलंस रं दादा." मला आभाळ ठेंगणं झालं.

गावाच्या तोंडाशी कमान आली. कमानीपलीकडे मारुतीचं देऊळ, बँड, आणि पाया पडून घोड्यावर चढलेला नवरदेव. ड्रायव्हरनं ब्रेक लावला.

"जाऊ का, मालक?"

"माप टाकलंय राव! चल!"

वरून जो आवाज आला, तो मी अजून विसरू शकलेलो नाही.

सकाळी बहिणीनं लेकीला द्यायचं लोखंडी कपाट टपावर चढवलं होतं. आरसा फुटेल म्हणून आडवं नाही, उभं. दोर मीच आवळला होता. इतकी वऱ्हाडं नेली, आमच्याकडे लग्नाची बस मोकळ्या टपानं कधी जातच नाही, आणि मी मशीनला उंची सांगितली ती मोकळ्या टपापर्यंतची!

कपाट कमानीत अडकलं. बस पुढे जाईना, मागे येईना. बँड थांबला. त्या शांततेत मशीन तेवढं सांगत होतं, सरळ चला. अख्खं गाव आमच्याकडे बघत होतं आणि माझ्या फेट्याचा तुरा वाऱ्यावर डोलत होता. सीटखाली शिरावंसं वाटलं, पण पोट आडवं आलं.

बहीण पुटपुटली, "पोरीचा मुहूर्त घालवलास की रं."

तेवढ्यात नवरदेव घोड्यावरून उतरला, मागच्या शिडीनं मुंडावळ्यांसकट टपावर चढला आणि त्यानं कपाटाला खांदा लावला. कपाट डुगडुगलं. कुठं तोंड लपवावं कळेना, म्हणून मी खाली उतरून सूचना देऊ लागलो, "जरा डावीकडं, जावईबापू! आरसा जपा!"

मान खाली घालून बसायला बजावलेली आमची नवरी बसच्या खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि साऱ्या गावादेखत ओरडली, "अहो, तुमी आधी खाली या! ज्यांनी मशीन घेतलं त्या मामांनाच चढवा वर!"